इंजिनाचं तोंड

करंजविहिरे, ता. खेड
९ फेब्रुवारी १९५८

बरकत यास हिंदुरावचा रामराम.

तुझ्या कमरेची बातमी मला चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर कळली. सांगणारा म्हणाला, "तुमचा चिंचवडचा मिस्त्री गाडीखाली गेला तो निघंचना. चौघांनी पाय धरून ओढला." खरं का रे? जन्मभर तू लोकांच्या गाड्या ओढून काढल्यास. फरीदाभाभींना म्हणावं, ओढणाऱ्यांना चहा पाजा आणि मिस्त्रीला उठू देऊ नका.

मी आलोच असतो. पण ज्या गाडीतून यायचं तिचंच रडगाणं या पत्रात आहे. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या लिलावात घेतलेली आपली डॉज. तूच तिच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतास, "घे राव, चारी चाकं ओढतात. जर्मनांना नाही भ्यायली ती तुमच्या चिखलाला काय भिणार?" दहा वर्षं झाली. अंग धड आहे, चारी चाकं अजून ओढतात, पण पेट्रोल अशी पिते की बघवत नाही. मिळवलेलं सगळं तिच्या घशात. आम्हा नवराबायकोला उरतो तो वास.

आंबेठाणच्या पुढं पावसाळ्यात एस.टी. येत नाही हे तुला ठाऊक आहे. चार महिने तिथून पुढं रस्ता नसतो, लापशी असते. आजारी माणूस, बटाट्याचं बियाणं, दवाखान्याच्या सुमनताई नर्स, सगळी ये-जा माझ्या डॉजमधून.

आता खरी गोष्ट. आमचे मेहुणे सोपानराव पिंपरीच्या कारखान्यात मुकादम आहेत. त्यांनी फाटकावर वॉचमनची जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय. मेअखेर हो की नाही ते सांगायचं. सुभद्रा म्हणते, "जावा की. खाकी कापडं मिळत्यात, डोक्यावर पत्रा हाय, पायाला चिखल न्हाई." खोटं नाही तिचं. मीही दमलोय. पण बरकत, ज्या गाडीचा आवाज ऐकून मला कळणार की हिचा व्हॉल्व्ह सैल आहे, तिला फाटक उघडायचं, सलाम ठोकायचा आणि गप्प बसायचं, हे पन्नाशीनंतर जमेल का?

पुण्यात म्हणे लोक पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवतात. डॉजला बसतं का? बसत असेल तर कुठलं घेऊ ते लिही. बसत नसेल तर तसं लिही, म्हणजे खाकीचं माप देऊन टाकतो.

तुझा
हिंदुराव


चिंचवड स्टेशन
१६ फेब्रुवारी १९५८

हिंदुराव, सलाम.

चौघे नव्हते, तिघे होते. चौथा सल्ला देत होता.

डॉक्टरनं तीन महिने फळीवर निजवलंय. उताणा पडून लिहितो म्हणून पेन्सिल. शाई वर चढत नाही. गाड्या दुरुस्तीच्या शेडला कुलूप आहे. दिवसभर मुंबई रस्त्यावरच्या गाड्या ऐकतो. कुणाचा क्लच घासतो, कोण भरल्या ट्रकला चढावर चुकीचा गिअर टाकतो, सगळं छताकडं बघत कळतं. फरीदा म्हणते, "तुम्ही पडलात, पण कान काही पडायला तयार नाहीत."

थोरला पोरगा कारखान्यात शिफ्टला जातो. त्याचं म्हणणं, अब्बा, शेड भाड्यानं देऊ, एका उडप्याला तिथं चहाचं हॉटेल काढायचंय. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही जोर लागतो, तोही नव्हता.

तेव्हा दोस्त म्हणून विचारलंस तर नोकरी घे. संध्याकाळी सुटलास की इथं ये, उडप्याचा चहा पिऊ आणि त्याला नावं ठेवू. मिस्त्री म्हणून विचारत असलास तर पुढं वाच.

विहिरीवरच्या पंपाचं एका सिलिंडरचं इंजिन कुणी गळ्यात मारायला आलं तर हाकलून दे. विहिरीवर ते देव आहे, गाडीत सैतान. आधी सुमनताईंच्या पेटीतल्या बाटल्या फुटतील, मग तुझे दात. नवं विलायती चार सिलिंडरचं पुण्यात मिळतं. त्याला तोड नाही. पण परमिट लागतं, नंबर लावावा लागतो, आणि तुझा नंबर येईतो डॉज, तू आणि मी तिघंही भंगारात गेलेले असू.

राहतं एक. खेडच्या उद्धवरावांच्या पिठाच्या गिरणीत लढाईच्या मालातलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. खेडला वीज आली, त्यांना मोटर बसवायचीय, इंजिन विकायचंय. मूळ कुठल्या गाडीतलं ते कुणी सांगत नाही. मी बघितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता तुलाच माझे डोळे व्हावं लागेल.

बैल घेताना बघतोस तसं बघ. वजन: डॉजच्या इंजिनापेक्षा फार भारी असेल तर पुढच्या स्प्रिंगांचे पाटे बसतील. उंची: बॉनेट मिटलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट चाल. इंजिनाच्या तोंडाशी उभा राहा, चालू करायला लाव आणि बघ, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं का. उलटं फिरत असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नको.

नीट लिही. समोर असतं तर ऐकून सांगितलं असतं. कागदाला आवाज नसतो.

बरकत


करंजविहिरे
२ मार्च १९५८

बरकत यास रामराम.

काल खेडला जाऊन आलो. उद्धवराव भला माणूस, पण बोलतो गिरणीच्या पट्ट्यासारखा, थांबत नाही. "लढाईतनं आलंय, मुंबईच्या बंदरावरच्या दलालाकडनं घेतलं. वर्षाला एक फडकं मारलं की झालं. माझ्या घरात कुणी एवढं कमी बोलून एवढं जास्त काम करीत न्हाई बघा." आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "तुमी बोलायला जागा ठिवली तर कुणी बोलंल!"

वजन ठीक आहे. डॉजचं इंजिन सहाजणांनी उचललं होतं, हे साताचं वाटतं. उंची हाताने मापली, बॉनेट मिटेल, फार तर हवेची गाळणी बाजूला घ्यावी लागेल.

चाल तू सांगितलीस तशी बघितली. पिठानं सगळं अंग पांढरं झालंय, तरी तोंड शोधावं लागलं नाही. मोठ्या चाकाच्या बाजूला दसऱ्याचं कुंकू अजून आहे, वर स्वस्तिक, झेंडूची वाळकी माळ लोंबतेय. हात जोडून बरोबर समोर उभा राहिलो. उद्धवरावांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं आणि शेजारी धरलं. काटा जिकडं, चाक तिकडं. माझं समाधान होईतो तीनदा बंद-चालू करायला लावलं. उद्धवराव म्हणाले, "नीट तोंड बघून घ्या बाबा, मागनं तक्रार नको."

आवाज गोड आहे. धूर काळा नाही. पट्टा तेवढा जुना, पीळ देऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा चढवलाय. पण पट्टा आपल्याला काय करायचाय?

तुझं हो आलं की इसार देतो. डॉजचं जुनं इंजिन मागायला मंचरचा एकजण दोनदा येऊन गेलाय, त्याला ते मळणीसाठी हवंय.

सोपानराव परवा येऊन गेले. "दाजी, विचार केला का?" म्हणाले. मी म्हटलं, करतोय. सुभद्रेनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला लागली. भाकरी जरा जोरातच थापली.

हिंदुराव


चिंचवड स्टेशन
१२ मार्च १९५८

हिंदुराव, सलाम.

घे.

वजन, उंची, चाल तिन्ही जमलं तर आणखी काय बघायचं? जुनं मंचरवाल्याला देऊन टाक.

बसवायला मला येता येणार नाही. चाकणच्या ज्योतीरामला बोलाव. तो आयुष्यभर गिरण्यांच्या आणि पंपांच्या इंजिनांत वाढला, मोटारीत त्यानं हात घातलेला नाही, पण हात चांगला आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये एक जाड पत्र्याची तबकडी लागते, तिचा नकाशा सोबत काढून पाठवतो. झोपून काढलाय, वर्तुळ अंड्यासारखं दिसेल, मापं मात्र खरी आहेत. घाई नको. आठ-दहा दिवसांत आमचे रोजे लागतात, मी मनानं थोडा सुस्त असेन. अडलं तर तरी लिही.

खरं सांगू का? तू इंजिनाचं लिहिलंस की दिवस बरा जातो.

बरकत


करंजविहिरे
३० एप्रिल १९५८, सकाळी

बरकत, ईद मुबारक. उशिरा देतोय.

बसलं! ज्योतीरामनं दीड महिना घेतला, पण काम बघण्यासारखं केलंय. अंड्याच्या नकाशावरून गोल तबकडी काढली. पंखा लावला, पाण्याची टाकी जोडली. हँडल डावीकडं मारावं लागतं, ते सवयीनं येईल. जागेवर चालू करून बघितली, सुभद्रा देवळातून ऐकून आली आणि म्हणाली, "गिरण कुठं घातली म्हनायची?" मला ते कौतुकच वाटलं.

आज नारळ फोडून पहिली फेरी. सुमनताई आल्यात. सोपानरावही आलेत सायकलवरून, उत्तर घ्यायला. त्यांना गाडीतच बसवून उत्तर देणार आहे. पत्र बंद करत नाही, फेरी मारून येतो आणि दोन ओळी लिहितो.

तेच पत्र, संध्याकाळी

बरकत, काय लिहू?

नारळ फोडला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागं गेली. मागं सोपानरावांची सायकल उभी होती.

ज्योतीराम ओरडला, "दांडा चुकला, दुसरा टाका!" दुसरा टाकला. आणखी जोरात मागं. तिसऱ्याला कुंपण गेलं. मग मी रिव्हर्स टाकला आणि डॉज शहाण्या बाईसारखी हळूहळू पुढं चालायला लागली.

सुभद्रा म्हणाली, "रुसलीय ती. नारळ उलट्या अंगानं फोडला आसंल." सुमनताईंनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या की काय ते मी बघितलं नाही. सोपानरावांनी सायकलचं चाक उचलून बघितलं. चाक कसलं, पापड झाला होता. म्हणाले, "दाजी, आमच्या फाटकावर पुढंमागं काही न्हाई. फाटक तेवढं उघडायचं."

ज्योतीरामनं दिवसभर गिअरबॉक्स खोलून बघितला. सगळं जागच्या जागी आहे. जुनं इंजिन मंचरला गेलं. आता मी काय करू?

हिंदुराव


चिंचवड स्टेशन
६ मे १९५८

हिंदुराव,

तुझं पत्र फरीदानं वाचून दाखवलं. वाचताना ती हसली, मीही हसलो, मग कमरेत कळ आली आणि खरं काय झालं ते लक्षात आलं.

तू कुठं उभा होतास? कुंकवाच्या बाजूला. मोटारवाल्यांत इंजिनाचं तोंड म्हणजे पंख्याची बाजू, जिथं हँडल लागतं, जी बॉनेटखाली पुढं असते. गिरणीवाल्यांचं तोंड म्हणजे मोठं चाक, कारण पट्टा तिथं, काम तिथं, दसऱ्याला कुंकू तिथं. तू ज्याला हात जोडलेस ती इंजिनाची पाठ होती. पाठीमागून घड्याळासारखं फिरतं ते तोंडाकडून उलटं फिरतं. तू खोटं बघितलं नाहीस, मी खोटं विचारलं नाही. शब्द एकच होता, बाजू दोन होत्या.

आणि पीळ दिलेला पट्टा! तू लिहिला होतास रे. चाल उलटी असल्याशिवाय कुठला गिरणीवाला पट्ट्याला पीळ देतो? जात्याला सुलटं फिरवायचं म्हणूनच तो पीळ. वाचलं मी ते, आणि पुढच्या ओळीवर गेलो. उभा असतो तर हे झालं नसतं. माणूस आडवा झाला की अक्कलही आडवी होते.

बंदरावरून आलंय म्हणजे ते गाडीतलं नाहीच, लाँचमधलं असणार. मोठ्या लाँचला दोन इंजिनं असतात; एक उजवं फिरतं, एक डावं, नाहीतर लाँच एका अंगाला ओढते. बैलजोडीच समज. तुझ्या वाट्याला जोडीतला डावा बैल आला.

उद्धवराव परत घेणार नाहीत. मी पोराकडून चिठ्ठी पाठवली होती. उलटा निरोप आला: "तोंड बघून दिलंय."

दुरुस्ती? मागच्या चाकांचा धुरा उलटा बसवून ती सुलटी फिरवता येतात, पण पुढचा तसा बसत नाही, स्टिअरिंग आडवं येतं. म्हणजे दोनच चाकं ओढणार, आणि दोन चाकांची गाडी तुझ्या लापशीत बैलगाडीपेक्षा वाईट. दुसरं इंजिन मेच्या आत मिळणं नाही.

नोकरी घे, हिंदुराव. हे मिस्त्री म्हणूनच लिहितोय. माझ्या शब्दावर तू जुनं इंजिन विकलंस, हे मला फळीपेक्षा जास्त टोचतंय.

बरकत


चिंचवड स्टेशन
१० जून १९५८

हिंदुराव,

महिना झाला, पत्र नाही. उठून बसतो आता, काठीनं दारापर्यंत जातो. मेअखेर झाली. फाटकावर उभा आहेस का ते थोरल्याला बघायला सांगितलं होतं. म्हणाला, दुसराच कुणी उभा आहे. रागावलास का?

बरकत


करंजविहिरे
२९ जून १९५८

बरकत यास रामराम.

रागावलो नव्हतो. लाजलो होतो. तू बिछान्यावरून सगळं बरोबर सांगितलंस आणि मी हात जोडून पाठीला नमस्कार करून आलो. पंधरा दिवस गाडीकडं बघितलं नाही.

एकतीस मे आली. सोपानराव आले नाहीत, सायकल दुरुस्तीला होती. मला जायला हवं होतं. सदरा घातला, टोपी घातली आणि ओट्यावर बसून राहिलो. सुभद्रा म्हणाली, "जायचं आसंल तर जावा, न्हाईतर सदरा काढा, मळतोय." सदरा काढला.

मग पाऊस लागला आणि रस्त्याची लापशी झाली. पलीकडच्या वाडीतली गोजाबाई बाळंतपणाला अडली. सुमनताई माझ्या दारात. "हिंदुराव, तुमची गाडी पुढं जाते ना?"
"जाते ताई. एकाच गिअरात. रिव्हर्सच्या."
"किती हळू?"
"तुमच्या चालण्यापेक्षा जरा जोरात."
"मग मी चालण्यापेक्षा बरंच की! काढा."

काढली. आणि बरकत, ऐक. या चिखलात दहा वर्षांत मी पहिल्या गिअरच्या वर कधी गेलो होतो का? दुसरा टाकला की रुतायची. वरचे गिअर फक्त चाकणच्या डांबरावर लागायचे. रिव्हर्स तर पहिल्यापेक्षाही दमदार! चारी चाकं चिखल खात, गुरगुरत, एका चालीनं गेली. ओढ्याच्या उताराला तालुक्याच्या साहेबाची जीप रुतलेली होती. तिला दोर बांधला, पहिला गिअर टाकला, म्हणजे मागं गेलो, आणि साहेबाच्या तोंडाकडं बघत बघत ओढून काढलं. आजपर्यंत ओढताना मान मोडेपर्यंत मागं बघावं लागायचं. साहेब म्हणाला, "हे काय तंत्र आहे?" मी म्हटलं, "चिंचवडच्या मिस्त्रींचं आहे."

गोजाबाईला मुलगी झाली, दोघी ठीक. डिझेल इतकं कमी लागलं की मी टाकीत काठी घालून दोनदा बघितलं.

चाकणला पोचायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. लोक बसतात, कारण दुसरं काही येतच नाही. रिकामी गाडी आणताना डांबर मोकळं असेल तर मी तिला मागच्या मागं चौथ्यात पळवतो. मान दुखते. सुभद्रा म्हणते, "चार गिअर मागं, एक म्होरं. तुमच्या वयाला बराबर हाय."

हिंदुराव


चिंचवड स्टेशन
२४ ऑगस्ट १९५८

हिंदुराव, सलाम.

परवा चाकणला भेटलो त्या गर्दीत बोलायचं राहिलं. एस.टी.तून काठीवर उतरलो तेव्हाच बाजाराच्या पलीकडून तिचा आवाज आला. इंजिन खरंच गोड आहे, तू खोटं लिहिलं नव्हतंस. पण खाली एक बारीक रडका सूर आहे. तो रिव्हर्सच्या दात्यांचा. ते थोडं मागं सरकायला केलेले असतात, तू त्यांच्यावर सगळा पावसाळा ओढतोयस. हा पावसाळा निघेल. पुढचा निघणार नाही.

तेव्हा दसरा झाला की गाडी इकडं आण. त्याच एका गिअरात, जमेल तसं. कल्याणकडच्या एका वीटभट्टीवर उजवं फिरणारं इंजिन पडलंय असं कळलंय. या वेळी मी स्वतः जाणार आणि पंख्याच्या बाजूनं बघणार. तुझा डावा बैल घ्यायला किवळ्याचा एक गिरणीवाला तयार आहे. त्याला मी आधीच सांगितलंय, पट्ट्याला पीळ द्यावा लागेल.

उडप्याला शेड नाही दिली. फार उत्साह आलाय असं समजू नको. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना, तोडावंच लागलं. आता उघडीच आहे. अजून एक इंजिन बसवेन म्हणतो. वाकवत नाही, पण ज्योतीराम येतो म्हणाला. तो वाकेल, मी खुर्चीवर बसून ओरडेन.

बरकत


करंजविहिरे
५ ऑक्टोबर १९५८

बरकत यास रामराम.

गाडी अजून चालतेय. सूर थोडा वाढलाय, तू सांगितल्यापासून मलाही ऐकू येतो. आधी ऐकू येत नव्हता तेच बरं होतं.

सोपानरावांना नवी सायकल मिळाली. आता आले की ती देवळाच्या पलीकडं लावतात. वॉचमनच्या जागेचं ते बोलत नाहीत, मीही नाही. सुभद्रेनं खाकी कापडाची वाट बघणं सोडलं असावं. परवा माझ्या जुन्या सदऱ्याला ठिगळ लावत होती.

यंदा अधिक महिन्यामुळं दसरा लांबलाय. तू आणि फरीदाभाभी दसऱ्याला इकडं या. एस.टी.नं आंबेठाणपर्यंत या, तिथून मी घेऊन येईन, सावकाश. इंजिनाची पूजा आहे. ते आता जाणार, पण पावसाळाभर राबलं, तसंच कसं पाठवायचं? सुभद्रा म्हणते, या खेपेला कुंकू कुठल्या अंगाला लावायचं ते मिस्त्रींना विचारल्याबिगर मी ताट हातात घेणार न्हाई. तर विचारतोय.

हिंदुराव


चिंचवड स्टेशन
११ ऑक्टोबर १९५८

हिंदुराव, सलाम.

येतो. फरीदा शीरखुर्मा घेऊन येतेय, ईदचा तुझा राहिलाय म्हणते.

वहिनींना सांग, खरं तोंड पंख्याच्या बाजूला. पण कुंकू दोन्ही अंगांना लावा. पुढं कधी एखादा दमलेला माणूस चिठ्ठीवर इंजिन बघायला येईल, त्यानं कुठंही उभं राहून हात जोडले तरी चालतील.

बरकत